डॅशबोर्डच्या खालून दिसलेली माणसं

आमच्या दुकानात बाकाखाली तेलाचा एक रिकामा डबा आहे. काम झालं की उरलेली तार त्यात टाकायची. वीतभर लाल, चार बोटं काळी, कधी नुसतं टोक. कोणी फेकत नाही, कारण प्रत्येक तुकड्याकडे पाहून वाटतं, हा कधीतरी लागेल. किस्स्यांचं तसंच झालं आहे. नऊ वर्षांत डबा भरला. आज थोडा रिकामा करतो.

दुकान गोंदियाजवळ कुडव्याला, रोडला लागून. काम गाड्यांच्या वायरिंगचं. हॉर्न, फॉग लाइट, टेप, पंखा, मागचा कॅमेरा, जे म्हणाल ते. मालक टेंभरे मिस्त्री. मी देवा. नववीत शाळा सुटली आणि इथे आलो. हात लवकर बसला. तोंड मात्र बसलं ते बसलंच! गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून मला डॅशबोर्डखाली उताणं पडून काम करायला फार आवडतं. तिथे माणसाचे फक्त पाय दिसतात, आणि पायांशी बोलावं लागत नाही.

या उन्हाळ्यात मिस्त्रींचे गुडघे फारच बिघडले. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं.

"देवा, पोळा झाला का मी कामठ्याले शेतीवर जाऊन राहिलो. आता गाडीखाली वाकणं होत नाही. दुकान कोणाले तरी द्या लागते."

मी पाना पुसत राहिलो.

"तुझ्या हाताले तोड नाही. पण दुकान हातावर चालत नाही, तोंडावर चालते. काय होते, काय होत नाही, कायले होत नाही, हे गिऱ्हाईकाले सांगा लागते. माझा भाचा पप्पू आहे, त्याले सांगता येते, काम येत नाही. पोळ्यापर्यंत पाहतो. तुले बोलता आलं त दुकान तुझं. नाही त पप्पूचं."

पप्पूचं गावात सीट कव्हर आणि स्टिकरचं काम. बोलणं असं, की माणूस हवा भरायला आला तर सीट कव्हर घेऊन जातो!

मला दुकान पाहिजे होतं. या एकाच जागी मी कोणापेक्षा कमी नाही, असं मला वाटतं. पण हे सांगायलाही बोलावंच लागतं ना!

*

आमच्या कामात रिले नावाची एक काळी डबी असते, काडेपेटीपेक्षा लहान. गिऱ्हाईकाला ती नेहमी फालतू वाटते.

इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान करणारे एक काकाजी जुनी जीप घेऊन आले. समोर मोठे लाइट लावायचे होते. डबी पाहून म्हणाले, "स्विच आहे, लाइट आहे. मधात हा डब्बा कायले?"

मिस्त्रींनी विचारलं, "काकाजी, तुमच्या शेतात पाणी कोण सोडते?"

"पाटकरी."

"तो पाणी डोक्यावर वाहून आणते का?"

"डोक्यावर कायले? तो कालव्याच्या दाराचं हँडल फिरवते. पाणी आपलं पाटातून येते."

"झालं त मग! स्विच म्हणजे पाटकरी. त्याच्यात ताकद थोडी. त्यानं फक्त हँडल फिरवायचं. दार म्हणजे हा रिले. मोठा करंट बॅटरीतून जाड तारेनं सीधा लाइटले जाते. स्विचमधून सगळा करंट नेला त बिचारा पाटकरी जळून जाईल."

काकाजींनी डबी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "लावा. पण आमच्या पाटकऱ्यासारखा झोपणारा देऊ नका!"

मला ते समजावणं इतकं आवडलं, की मी मनात पाठ केलं. पुढच्या आठवड्यात मिस्त्री जेवायला गेले असताना एक तरुण हॉर्न लावायला आला. त्यानं विचारलं, रिले काऊन पाहिजे? मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "पाटकरी..." आणि पुढचं विसरलो.

तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "कोण पाटकरी? मिस्त्री कुठं आहे?"

*

हॉर्नवरून आठवलं. एका मुलाच्या गाडीला पप्पूनं स्वतःच प्रेशर हॉर्न बसवून दिला होता. रिले नाही, डायरेक्ट. स्टिअरिंगवरच्या बटणातून सगळा करंट!

तो मुलगा घरच्यांना घेऊन मुलगी पाहायला गेला. मुलीच्या दारात गाडी थांबवली आणि आपण आलो हे कळावं म्हणून एकदा हॉर्न दाबला. बटणातला पत्रा तापून चिकटला. हॉर्न सुरू झाला तो थांबेना! मुलीची आई पाणी घेऊन बाहेर आली, तिनं खुणेनंच या म्हटलं. मुलाच्या वडिलांनी खुणेनंच नमस्कार केला. अर्धं गाव जमलं. मुलगा बॉनेटमध्ये डोकं घालून एकेक तार ओढत होता. शेवटी कोणीतरी बॅटरीचं टोक काढलं.

एकदम शांत झालं. मुलीचे वडील मध्यस्थाकडे वळून म्हणाले, "पोरगा शांत आहे म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही?"

लग्न जमलं. मुलगा आमच्याकडे रिले बसवायला आला तेव्हा साखरपुड्याची अंगठी बोटात होती. अंगठी बॅटरीच्या टोकांना टेकली तर बोट भाजतं, म्हणून ती काढल्याशिवाय मिस्त्री कोणाला बॅटरीजवळ येऊ देत नाहीत, पण ती त्याच्या बोटातून निघेना. म्हणून त्याला लांब बाकावर बसवलं. तो तिथूनच मोठ्यानं सांगत होता, "भाऊ, आता आवाज कमी वाला लावा. सासऱ्याच्या दारात जावं लागते!"

*

राइस मिलच्या गोडाऊनमध्ये उभी राहणारी एक गाडी महिन्यातून एकदा यायचीच. उंदीर तार खायचा. गंमत अशी, की जाड तार शेजारीच असायची, तिला दात लागलेला नसायचा. तो दर वेळी रिलेला स्विचकडून येणारी बारीक तारच तोडायचा, आणि सगळे लाइट बंद.

मिस्त्री ती तुटकी तार उजेडात धरून म्हणाले, "गिऱ्हाईकाले समजत नाही, पण उंदराले समजते कोणती तार खरी कामाची आहे!"

*

आता माझी चूक सांगतो.

रिलेला पाचवी एक पिन असते, मधोमध. तिचं काम उलटं. रिले झोपलेला असतो तेव्हा ती चालू, आणि तो जागा झाला की ती बंद. कामाला लागून दुसरं वर्ष होतं. मासे वाहणाऱ्या एका भाऊंच्या पिकअपला मागे लाइट लावायचा होता. मी घाईत त्या मधल्या पिनवर तार जोडली. झालं! गाडीची चावी फिरवली की लाइट आपोआप लागायचा, आणि स्विच दाबला की बंद व्हायचा.

भाऊ गाडी घेऊन गेले. मला रात्री अंथरुणात चूक आठवली. महिनाभर मासेवाल्याची गाडी रोडवर दिसली की मी दुकानात आत जायचो.

शेवटी ते आलेच. सोबत दुसरी पिकअप. मी जॅकच्या मागे उभा. ते मिस्त्रींना म्हणाले, "याच पोरानं लावला होता ना लाइट? मस्त काम केलं! पहाटे दोन्ही हातात मासे असतात. चावी फिरवली का आपोआप उजेड. या गाडीले पण तसाच लावून दे!"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. "लाव," म्हणाले.

पहिल्या वेळी मला वीस मिनिटं लागली होती. त्या दिवशी दीड तास लागला. चूक सहज होते. तीच चूक मुद्दाम करायची तर डोकं लागतं!

*

बोलता येत नाही म्हणून मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. काम झालं की बॉनेटच्या आतून एक चिठ्ठी टेपनं चिकटवायची. "हॉर्नचा रिले बॅटरीच्या डाव्या बाजूला आहे. पंधरा अँपिअरच्या वर फ्यूज टाकू नये." गिऱ्हाईकाला जे तोंडानं सांगायचं ते त्यात.

बालाघाटला रोज सवारी नेणारी एक जीप आहे. सहा महिन्यांनी ती कामाला आली. बॉनेट उघडलं तर माझ्या चिठ्ठीखाली बालाघाटकडच्या कोणा मिस्त्रीच्या अक्षरात लिहिलं होतं, "अर्थिंग का तार ढीला था। कस दिया। बाकी काम साफ है।"

मी ते चार वेळा वाचलं. मग खाली लिहिलं, "धन्यवाद. मागच्या लाइटला पण रिले लावला आहे."

जीप पुन्हा आली तेव्हा उत्तर होतं. "देखा। अच्छा लगा।" असं वर्षभर चाललं. बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटायचं, आपल्या गाडीत नेहमी काहीतरी बिघडलं आहे, म्हणून दोन्हीकडचे मिस्त्री बॉनेट उघडून इतका वेळ उभे राहतात! एक दिवस चिठ्ठी आली, "कभी आओ तो चाय पीना।"

मिस्त्रींनी ती वाचली. म्हणाले, "जा ना बे! घाबरू नको. चिठ्ठी लिहिते म्हणजे तो पण तुझ्यासारखाच असंल!"

एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच जीपमध्ये बसून बालाघाटला गेलो. तिथला मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. नाव सांगितलं, मीही सांगितलं. त्यानं चहा मागवला. समोर एका गाडीची वायरिंग उघडी पडली होती. त्यानं एका तारेवर बोट ठेवलं, मी मान हलवली. मी दुसरीवर ठेवलं, त्यानं हलवली. तासाभरानं मी उठलो.

इतक्या छान गप्पा मी आयुष्यात कोणाशी मारल्या नव्हत्या.

*

याच पावसाळ्यात एक रिटायर गुरुजी आले. नवीकोरी लहान गाडी, आणि आमच्याकडून लावलेले फॉग लाइट. तक्रार एकच. "लाइट लावला की आत कुठंतरी टिक असं वाजते."

मिस्त्रींनी सांगितलं, तो रिलेचा आवाज आहे, वाजायलाच पाहिजे. गुरुजी गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले. "ते टिक..." तिसऱ्यांदा आले तेव्हा मिस्त्री दवाखान्यात गेले होते. दुकानात मी एकटा. पोळा तीन आठवड्यांवर आला होता, आणि मी मनात म्हणालो, देवा, आज बोल.

बोललो नाही. एक रिले घेतला, त्याचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवला. दोन बारीक तारा बॅटरीला लावल्या. टिक! आतली तांब्याची गुंडाळी लोहचुंबक झाली आणि तिनं लहानशी लोखंडी पट्टी खाली ओढली. तार काढली, पट्टी वर. पुन्हा टिक.

गुरुजींचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या हातातून तार घेतली आणि स्वतःच लावून पाहू लागले. टिक, टिक, टिक. दहा-बारा वेळा तरी!

"चाळीस वर्षं फळ्यावर याचं चित्र काढलं," ते म्हणाले. "हातात पहिल्यांदा आलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हा धडा दहावीत आहे. आठवते का तुला?"

"मी नववीतच शाळा सोडली, गुरुजी."

जाताना तो उघडा रिले त्यांनी मागून घेतला. नंतर गाडी कधी आली नाही, पण एकदा त्यांच्या घरावरून जाताना मला ते ओट्यावर दिसले. आजूबाजूला गल्लीतली चार पोरं, आणि मधोमध टिक, टिक.

गिऱ्हाईकाला समजावलं, असं मी मिस्त्रींना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "तोंडानं?"

मी परत डॅशबोर्डखाली सरकलो.

*

आणि आता तान्ह्या पोळ्याचा दिवस.

मोठ्या पोळ्याला बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. लाकडी बैलांना चाकं लावून, झूल घालून, फुलं बांधून लेकरं ते दारोदार ओढत नेतात. ज्याच्या दारात बैल जाईल त्यानं लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं, त्याला बोजारा म्हणतात. संध्याकाळी मैदानावर सगळ्यात सजलेल्या बैलाला बक्षीस.

मुदत संपली होती. मिस्त्रींची पिशवी भरून तयार होती. पप्पू सकाळीच येऊन मिस्त्रींच्या खुर्चीवर बसून पाहत होता. खुर्ची त्याला बरोबर येत होती.

दोन वाजता वीटभट्टीवाले काकाजी आले. त्यांचा आवाज असा, की भट्टीवरून त्यांनी हाक मारली तर कुडव्यात लोक वळून पाहतात. त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. मागून मजुरांनी एक लाकडी बैल आणला, माझ्या छातीइतका उंच. सोबत त्यांची नात गुड्डी, सहा-सात वर्षांची.

"याच्या डोळ्यात गाडीचे लाइट लावा! पोटात हॉर्न! बॅटरी मागच्या पायांमधल्या फळीवर. आणि हे बटण गुड्डीच्या हातात राहील." बटण टेबल लॅम्पचं होतं, नाजूक. "पाच वाजता मैदानावर पोचा लागते. बक्षीस आपलंच पाहिजे!"

पप्पू खुर्चीवरूनच म्हणाला, "अरे काकाजी, अर्ध्या घंट्यात हो जायेगा! डायरेक्ट मारून देतो. काय देवा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मिस्त्रीही. ते काही बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं. आज बोलायचं काम माझं होतं.

लाइट आणि हॉर्न, सगळा करंट त्या नाजूक बटणातून. बटण तापणार. ते त्या पोरीच्या हातात. आणि बैलाच्या अंगावर कागदाची फुलं.

"काऊन बे, ऐकू नाही येत का?" काकाजी गरजले.

मी नेहमी जे करतो तेच केलं. पाठीवर झोपून बैलाच्या खाली सरकलो.

खालून पाय दिसत होते. काकाजींचे बूट, पप्पूच्या चपला, मिस्त्रींचे सुजलेले पाय. मग दोन लहान पाय आले, वाकले, आणि त्यांच्यामागून गुड्डीचं तोंड आलं.

"तू इथं काय करून राहिला?"

"पोट पाहून राहिलो बैलाचं," मी म्हणालो. तिच्याशी सहज बोलून गेलो.

"हॉर्न बसते का?"

"बसते. पण तार सीधी तुझ्या बटणात आणली त बटण तापंल. तुझा हात भाजंल. झूल पण पेटंल."

"मंग?"

"मधात रिले लावतो. तुझ्या हातात फक्त बारीक तार येईल, ती तापत नाही. पण दोन घंटे लागतील. अर्ध्या घंट्यात होत नाही."

"मंग सांग ना आजोबाले."

"तूच सांग," मी हळूच म्हणालो.

लहान पाय सरळ झाले. आणि मग जो आवाज आला, तो वळणावरच्या पानटपरीपर्यंत गेला. खानदानी आवाज!

"आजोबा! डायरेक्ट नाही! बैल जळते! माझा हात भाजते! रिले लावा लागते! दोन घंटे लागते! चूप बसा!"

काकाजींचे बूट दोन पावलं मागे गेले. बाक करकरला. "बरं बाई," असा आवाज आला. "लावा लागते त लावा."

मी कामाला लागलो. वरती पप्पू म्हणत होता, "मामा, हे त पोरगी बोलली! देवा कुठं बोलला?"

मिस्त्रींचे पाय हलले नाहीत.

साडेचारला काम झालं. गुड्डीनं बटण दाबलं. बैलाच्या पोटात टिक झालं, डोळे पेटले, आणि हॉर्न असा वाजला की समोरच्या कोंबड्या छपरावर! गुड्डी बटणाला हात लावून पाहत होती. थंड.

मग ती बैलाची दोरी धरून आमच्या दुकानाच्या दारात उभी राहिली आणि हात पुढे केला. "बोजारा!"

पप्पूनं एक स्टिकर दिलं. काकाजी हसत होते. मिस्त्री खुर्चीला धरून उठले. कमरेच्या करदोड्याला दुकानाची चावी बांधलेली असते. त्यांनी गाठ सोडली, लंगडत माझ्यासमोर आले, आणि माझ्याकडे पाहत ती चावी बैलाच्या पाठीवर ठेवली.

मी हात पुसेपर्यंत गुड्डीनं ती आपला बोजारा समजून उचलली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली.

"चला, चला! पाच वाजले!" काकाजी ओरडले. मजुरांनी बैल ढकलला. हॉर्न वाजवत सगळी मिरवणूक रोडला लागली. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. पप्पू माझ्याकडे पाहत होता. बैल पानटपरीच्या पुढे गेला.

"थांबा!" कोणीतरी ओरडलं. मीच होतो. "ओ काकाजी! थांबा! ती चावी माझी आहे! ते दुकान माझं आहे!"

हॉर्न बंद झाला. सगळा रोड माझ्याकडे वळला. गुड्डीनं खिशातून चावी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडली,

"मंग बोला लागते ना!"